मृगाआधी पाना

भाचेबुवा, शहापूर-मुरबाडच्या टेकड्यांवरचे रेडिओ सांभाळायची नोकरी तुला लागली, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. पगार किती, गाडी मिळणार का, हे तिने विचारून घेतलं असेलच. माझ्या डोळ्यांपुढे आधी आला तो तेरा नंबरचा पाना. तू संगणकावर जे काही करशील त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ती डिश, तो डबा आणि तो खांब शेवटी नट-बोल्टांवरच उभा आहे, आणि टीव्हीच्या ॲन्टेनापासून बिनतारी यंत्राच्या खांबापर्यंत लोखंडाला लोखंड जोडण्यातच माझा जन्म गेला. तेव्हा चार गोष्टी ऐकून ठेव. कंपनी ट्रेनिंग देईल, त्यात या बहुतेक येणार नाहीत. आल्या तरी एका स्लाइडवर येतील आणि नेमका तेव्हा तू मोबाइल बघत असशील.

आपल्या भागाला घरावर खांब उभारायची सवय दूरदर्शनने लावली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तरी खेड्यापाड्यांत टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं. मग वाशिंद-आसनगावपासून सरळगाव-टोकावड्यापर्यंत कौलाकौलावर जीआय पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि सगळ्यांची तोंडं नैऋत्येला, वरळीच्या तीनशे मीटर उंच मनोऱ्याकडे. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं, तेव्हापासून रविवारी सकाळी घरोघरी एक जण पडद्यासमोर आणि एक जण कौलावर. ‘आलं का?’, ‘आलं, आलं... गेलं!’, ‘जरा मागे घे!’ रात्रीच्या वाऱ्याने क्लॅम्प सैल होऊन पाइप फिरलेला असायचा, दुसरं काही नाही. पण तो ॲन्टेना दहा-पंधरा अंश फिरला तरी रामाचं दर्शन व्हायचं, मुंग्यांसकट का होईना. लोक तेवढ्यावर खूश होते.

तुझ्या डिशला हे चालणार नाही. २०१८ साली सरकारने पाच गिगाहर्ट्‌झचे बरेचसे पट्टे बिनपरवाना वापरायला मोकळे केले आणि डोंगरावरून डोंगरावर इंटरनेट फेकणं सोपं झालं. त्याच्याही आधी आयआयटी मुंबईवाल्यांनी पालघरच्या गावांत, म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या भागात, ग्राममार्ग प्रकल्पातून अशा बिनतारी जोडण्या करून दाखवल्या होत्या. तर अशी साठ सेंटिमीटरची डिश घेतलीस, की तिचा झोत जेमतेम सहा अंश रुंद. मधल्या रेषेपासून तीन अंश सरकली की निम्मी ताकद गेली. शहापूर ते मुरबाड सरळ रेषेत वीसेक किलोमीटर धर. तेवढ्या अंतरावर एक अंश म्हणजे साडेतीनशे मीटर! आता खांबाकडे बघ. दोन इंची पाइपच्या अंगावर क्लॅम्प दीड मिलिमीटर सरकला की डिश तीन अंश फिरली. दीड मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण धसईच्या शाळेतलं इंटरनेट बंद पडायला तेवढं पुरतं.

म्हणून पहिली गोष्ट नीट समजून घे, बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात. नट घट्ट राहतो तो तू पिळलास म्हणून नाही, बोल्ट ताणला गेला म्हणून. बोल्ट ही जाड, ताठ स्प्रिंगच असते. नट फिरवतोस तेव्हा तू बोल्टाला लांबवत असतोस, आणि तो परत आखडायला बघतो म्हणून मधल्या पट्ट्या एकमेकींवर दाबून बसतात. आठ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट घे. त्याला सुमारे २५ न्यूटन-मीटर पीळ चालतो. म्हणजे वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा जोर. एवढ्या साध्या जोराने आत दीड टनाचा दाब तयार होतो! आणि हा दाब तयार करताना बोल्ट लांबतो किती? मधली जाडी चाळीस मिलिमीटर असेल तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. तुझ्या हाताच्या जोरातला नव्वद टक्के भाग आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणातच खर्च होतो, उरलेल्या दहा टक्क्यांत हा ताण बसतो.

तो दहावा हिस्सा लक्षात ठेव. क्लॅम्पखाली ऑइलपेंटचे दोन हात मारलेले असतील तर त्या रंगाची जाडी साधारण तेवढीच असते. तू आज घट्ट केलंस, चार दिवसांनी रंग दाबून पसरला, बोल्टाचा सगळा ताण संपला. नट तसूभरही फिरला नाही, तरी जोड सैल! लोक मग म्हणतात, ‘नट सुटला’. नट होता तिथेच होता, खालची जमीन सरकली. म्हणून जिथे पट्टी बसणार तिथला रंग, मातीचा थर, गंजाचे पापुद्रे आधी पॉलिश पेपरने काढून टाक. रंग लावायचाच असेल तर आवळून झाल्यावर वरून लाव. प्लॅस्टिकचा डबा आणि खांब यांच्यामध्ये रबर घालून ‘गादी’ करणारे महाभाग तुला भेटतील. रबर वर्षभर दबतच राहतं. तिथे बोल्टाचा ताण टिकायची आशा सोड.

यातून दुसरी युक्ती निघते, ती कारागिरांनासुद्धा सहसा माहीत नसते. बोल्ट आखूड घेऊ नकोस. दुकानात वीस मिलिमीटरचा स्वस्त पडतो, पण लांब बोल्ट त्याच पिळाला जास्त लांबतो. म्हणजे खालचा रंग, जस्त थोडं दबलं तरी त्याच्यात ताण शिल्लक राहतो. जिथे जागा असेल तिथे बोल्टाच्या जाडीच्या चार-पाच पट मधली लांबी धर. जाडी कमी पडत असेल तर पाइपचा तुकडा नळीसारखा मध्ये घाल आणि लांब बोल्ट वापर. दिसायला विचित्र दिसतं, पण टिकतं.

आता वाऱ्याकडे येऊ. १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने एक प्रयोग छापला. तोवर सगळ्यांना वाटायचं की बोल्ट त्याच्या लांबीच्या दिशेने हादरला की सुटतो. युंकरने दाखवून दिलं की खरा शत्रू आडवा हादरा. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या घसरू लागल्या, की आट्यांमधलं घर्षण हरतं आणि नट आपोआप उलटा फिरायला लागतो. त्याने बनवलेल्या यंत्रासारख्या यंत्रांवर आजही नटाच्या कुलुपांची परीक्षा घेतात. आपल्या कामाचा निष्कर्ष एवढाच, की जोड आडवा सरकला नाही तर नट जागचा हलत नाही. त्यामुळे कुलूप कुठलं लावायचं याचा विचार करण्याआधी पट्ट्या घसरणार नाहीत एवढा दाब आहे का, ते बघ. एका यू-बोल्टऐवजी दोन, आणि ते एकमेकांपासून जमतील तेवढे लांब लाव. शेजारीशेजारी लावलेले दोन यू-बोल्ट डिशच्या पिळाला पुरे पडत नाहीत. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात त्या साठ सेंटिमीटरच्या भरीव डिशवर पंधरा-वीस किलोचा धक्का बसतो, आणि ती खांबाच्या एका बाजूला टांगलेली असल्यामुळे धक्का कायम पिळणाराच असतो.

पण वादळाची एवढी भीती धरू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा सगळे माना वर करून खांबांकडे बघत होते. वादळ एका दिवसात जातं. बोल्ट खातो तो जून ते सप्टेंबर रोज वाहणारा, अंगाला गोड लागणारा मध्यम वारा. गोल नळीवरून सारख्या वेगाचा वारा गेला की तिच्या मागे डावी-उजवी भोवरे सुटतात आणि नळी थरथरते. पंचवीस मिलिमीटरची नळी आणि सेकंदाला पाच मीटर वारा असेल, तर सेकंदाला चाळीस हेलकावे. म्हणजे तासाला एक लाख चव्वेचाळीस हजार! माळशेजच्या तोंडाशी किंवा माहुलीच्या पायथ्याच्या टेपाडावर ॲन्टेना गुणगुणताना ऐकलास की समज, वरचे नट मोजून ठेवायची वेळ आली. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, त्यांच्या लांब ॲन्टेनांच्या पोकळ नळ्यांत नायलॉनची दोरी ओवून ठेवतात. दोरी आत आपटून थरथर गिळते. रुपयांच्या हिशेबात काहीच नाही आणि उपयोग मोठा. नळीची तोंडं मात्र टोपण लावून बंद कर, खाली पाणी गळायला बारीक भोक ठेव. नाहीतर गांधीलमाशा आत संसार थाटतात आणि पान्याचा पहिला ठोका पडला की सगळं खानदान बाहेर येतं. वर चढलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

आता स्प्रिंग वायसर. हा विषय काढला की जुने मिस्त्री माझ्यावर खेकसतात, पण सांगतो. तो चिरलेला, किंचित पिळलेला वायसर आपल्याकडे प्रत्येक नटाखाली घालतात. त्याचं भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस ३०६३. पण दीड टनाच्या दाबाखाली तो कधीच चपटा झालेला असतो. चपटा झाला की तो साधा वायसरच. नासाने १९९० साली काढलेल्या बोल्टांच्या पुस्तिकेतही हेच लिहिलंय, आणि जर्मनांनी त्यांचं या वायसरचं मानक कधीच मागे घेतलं. घालू नकोस असं मी म्हणत नाही. घातलास म्हणून निर्धास्त झोपू नकोस. त्याच्या जागी जाड, मोठा, सपाट वायसर घातलास तर दाब पसरतो आणि मऊ ॲल्युमिनियमात नट रुतत नाही, हा फायदा तरी खरा. दातेरी वायसर वेगळा. तो अर्थिंगच्या जोडाला लाव, कारण त्याचे दात रंग फोडून धातूपर्यंत पोचतात आणि वीज जायला वाट मिळते. अर्थिंगचा सैल बोल्ट बाकी सगळं छान चालू असताना कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतो तो वळवाच्या पहिल्या कडकडाटात, रेडिओ जळून गेल्यावर.

खरी कुलपं तीन-चारच. एक नायलॉक नट, ज्याच्या गळ्यात नायलॉनचं कडं असतं. चांगला आहे. पण बोल्टाचे दोन आटे कड्याच्या बाहेर आले पाहिजेत, नाहीतर कडं पकडतच नाही. आणि एकदा काढलेला नायलॉक परत लावू नकोस, चार-सहा रुपयांसाठी दोनशे पायऱ्या पुन्हा चढशील. दुसरं कुलूप चेकनट. इथे नव्वद टक्के लोक उलटं करतात. पातळ नट आधी, जोडाला लागून, आणि जाड नट त्याच्या वर. पातळ नट एका पान्याने धरून जाड नट त्याच्यावर आवळायचा. असं केलं की सगळा भार वरचा जाड नट घेतो आणि आटे दोघांमध्ये जखडले जातात. पातळ नट वर टोपीसारखा लावलेला दिसला, की लावणारा कसा शिकला ते कळतं.

तिसरं औषध बाटलीतलं. लॉकटाइटचा निळा, २४३ नंबर. व्हर्नन क्रीबल नावाच्या अमेरिकेतल्या रसायनाच्या प्राध्यापकाने १९५३ मध्ये हा प्रकार काढला. याची गंमत अशी, की हे हवेत ओलं राहतं आणि हवा तुटून धातूला चिकटलं की घट्ट होतं. म्हणूनच बाटली अर्धीच भरलेली येते. दुकानदाराशी भांडू नकोस, आतली हवाच त्याला जिवंत ठेवते. आटे आधी थिनरने पुसून घे, एक-दोन थेंब पुरे, आणि पूर्ण पकड यायला चोवीस तास दे. स्टेनलेस आणि जस्त चढवलेल्या बोल्टांवर हे सावकाश जमतं. तिथे घाई असेल तर त्याचा ॲक्टिव्हेटर आधी मार. लाल बाटली खांबावर नेऊच नकोस. ती सोडवायला बोल्ट गॅसच्या बत्तीने तापवावा लागतो, आणि ते खांबाच्या टोकावर डिशशेजारी कसं करणार? आणखी एक, हा सगळ्यांत महागडा धडा आहे: रेडिओचा डबा प्लॅस्टिकचा असेल तर त्याच्या स्क्रूला हे औषध लावू नकोस. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला ते आतून तडे पाडतं. महिनाभराने स्क्रू जागेवर असतो आणि त्याच्याभोवतीचा डबा फुटलेला असतो. तिथे नेलपॉलिशसुद्धा नको, नुसता बेताचा पीळ दे.

चौथं कुलूप म्हणजे पाचर-वायसरची जोडी, नॉर्डलॉक नावाने मिळते. आतल्या बाजूला उतरत्या पायऱ्या असतात, नट उलटा फिरायला गेला तर पायऱ्या बोल्टाला आणखी ताणतात. महाग आहे. मधल्या मोठ्या खांबाच्या चार मुख्य बोल्टांना लाव, सगळीकडे नको. आणि म्हशाच्या जत्रेत गेलास तर पाळणेवाल्यांचे जोड बघून ये. जिथे माणसाचा जीव टांगलेला असतो तिथे शहाणा माणूस नटाच्या पकडीवर विसंबत नाही, आरपार पिन घालून तिची टोकं वाकवतो.

धातूचं थोडं बोलतो, फार नाही. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चार महिन्यांत. दुकानातला चकचकीत, सोनेरी झाक असलेला बोल्ट दोन पावसाळ्यांत तपकिरी होतो. ढोबळ, राखाडी, गरम जस्तात बुडवलेला घे. त्याचे नटही त्याच्याबरोबरचेच घे, कारण जस्ताच्या थरामुळे आटे जाड होतात आणि साधा नट त्यावर चढत नाही. जबरदस्तीने चढवलास तर आटे मारशील. शहापूरच्या बाजारात नाही मिळालं तर कल्याण, तिथेही नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. स्टेनलेस चांगलं, पण त्याला एक खोड आहे: स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि जोरात फिरवलं की आटे एकमेकांना वेल्ड झाल्यासारखे चिकटतात. मग नट ना पुढे जातो ना मागे, करवत आणावी लागते. आट्यांना किंचित ग्रीस किंवा अँटिसीझ लाव, हाताने हळू फिरव, बॅटरीचं मशीन लावू नकोस. ग्रीस लावलं की नट सुटतो, ही समजूत सोड. फक्त एवढं ध्यानात ठेव, की ग्रीस लावलेल्या आट्यांना त्याच ताणासाठी कमी पीळ पुरतो. कोरड्याचा आकडा लावलास तर बोल्ट तोडशील.

ॲल्युमिनियमची नळी आणि लोखंडी यू-बोल्ट यांचं लग्न कधीच सुखाचं नसतं. उन्हात ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, रात्री तेवढंच आकसतं. मे महिन्यात हे रोज होतं. म्हणून अशा जोडावर नवा असताना एकदा आवळून थांबू नकोस. पातळ नळीवर यू-बोल्ट बेफाम आवळला की ती चपटी होते, आणि चपटी नळी परत घट्ट धरत नाही. नळीच्या आत जाड भिंतीचा तुकडा घातला की मग आवळता येतं. लाकडाचं तर विचारूच नकोस. कुणी म्हणेल, घरचा सागाचा खांब आहे, जीआय पाइप कशाला? पावसाळ्यात लाकूड फुगतं, मार्चपर्यंत वाळून आकसतं आणि बोल्ट गळ्यात सैल पडतात. खांब लाकडाचा असेल तर दोन्ही बाजूंना हाताएवढ्या लोखंडी पट्ट्या लाव आणि दिवाळीनंतर एकदा, होळीनंतर एकदा पाना फिरव.

खांबाला ताणून धरणारी स्टे वायर हा वेगळा अध्याय आहे, पण नट तिथेही आहेत. तारेचा फास बुलडॉग क्लॅम्पने धरतात. क्लॅम्पचं बसकं, खाच पाडलेलं लोखंड ताण असलेल्या लांब तारेवर यायला हवं, आणि यू-चा वाक मोकळ्या, आखूड टोकावर. उलटं लावलंस तर यू ताणाची तारच चिरडतो. असे तीन क्लॅम्प लाव, सगळे एकाच दिशेने. तार ताणली गेली की ती बारीक होते आणि क्लॅम्प सैल पडतात. म्हणून ताण दिल्यावर पुन्हा आवळ, आणि आठवड्याने आणखी एकदा. तार ताणायचा टर्नबकल वाऱ्याच्या झोक्यांनी हळूहळू उलटा फिरतो. त्याच्या पोटातून जुनी तार इंग्रजी आठच्या आकड्यात ओवून दोन्ही टोकांना बांध. कसाऱ्याकडे माकडं या तारांवर झोके घेतात, तेव्हा तुझा टर्नबकल मोकळा असेल तर एका मोसमात तो हाताने फिरवता येईल एवढा ढिला होतो.

कसाऱ्यावरून आठवलं. थळ घाटातून रेल्वे १८६५ पासून चालते. त्या रुळांचे बोल्ट, चाव्या कोण सांभाळतं? कीमॅन. खांद्यावर हातोडा घेऊन तो आपल्या वाट्याचे रूळ रोज पायी चालतो, सैल दिसलं तिथे ठोकतो. त्याच्याकडे शोध लावायला काही नसतं, फक्त रोजची चाल असते. बोल्ट कायमचा घट्ट करायचं औषध त्या रेल्वेलाही मिळालेलं नाही, म्हणून तिने माणूस नेमला. तूही तोच धंदा धरलायस. फरक एवढाच, की तुला रोज चढायची गरज नाही. नट शेवटचा आवळून झाला की नटावरून, बोल्टाच्या टोकावरून आणि खालच्या पट्टीवरून एक सरळ रेघ ओढ. तुझ्या बायकोची जुनी लाल नेलपॉलिश चालेल, विचारून घे म्हणजे झालं. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेव. पुढच्या वेळी खालूनच दुर्बिणीतून किंवा फोनचा झूम लावून बघ. तुटलेली रेघ नसेल तर वर चढायचंच नाही. मात्र मघाची रंगाची गोष्ट विसरू नकोस. रेघ शाबूत आणि जोड सैल, असंही होतं. म्हणून नव्या जोडाला दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठ-दहा दिवसांनी एकदा पाना लावायचाच. जो बोल्ट पहिल्या पंधरवड्यात तीनदा ढिला होतो, त्याला आणखी आवळत बसू नकोस. तिथे पट्टीच घसरत असते किंवा पाइपच चपटा होत असतो, जोड बदल.

‘पावसाने सिग्नल पडला’ अशी तक्रार येईल तेव्हा तीन गोष्टी विचार. पाऊस थांबल्यावर सिग्नल आपोआप परत आला का? आला तर धो-धो सर होती, लांब पल्ल्यावर ती पाच गिगाहर्ट्‌झलाही थोडं खाते, सोडून दे. परत आलाच नाही, तर डिश फिरली किंवा कनेक्टरात पाणी गेलं. आणि पाऊस नसताना वाऱ्याच्या झोतागणिक आकडा खालीवर होत असेल तर नक्की सैल नट. कनेक्टरसुद्धा आटेवालाच प्राणी आहे हे विसरू नकोस. त्या बारीक पितळी एसएमएला हाताने फिरवून वर जेमतेम अर्धा न्यूटन-मीटर पीळ, मोठ्या एन कनेक्टरला दीडच्या आत. तिथे पक्कड लावणारा माणूस माझ्या टोळीत राहिला नाही. त्यावर औषधही नको. स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर, कौलं जशी एकावर एक चढतात तशी गुंडाळ, वरून काळी टेप, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोळ दे, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

वर्षाचा हिशेब असा. मृग सात जूनला लागतो, त्याच्या पंधरा दिवस आधी सगळे खांब बघून झाले पाहिजेत. मेच्या शेवटी दुपारनंतर वळीव येतो, म्हणून चढायचं ते सकाळी. ढग भरून आले की काम अर्धं टाकून उतर. भर पावसात ओल्या खांबावर कुणाच्याही फोनवरून चढायचं नाही, मालकाच्या सुद्धा. दुसरी फेरी खंडेनवमीला पाने-पकडी पुजून झाल्या की दसऱ्यानंतर लगेच, परतीच्या पावसाचा कडकडाट थांबल्यावर. एकटा जाऊ नकोस. पूर्ण अंगाचा पट्टा घाल, नुसता कंबरेचा नको. खांब उभारताना किंवा उतरवताना महावितरणच्या तारेपासून खांबाच्या दीडपट उंचीइतका लांब राहा. टीव्हीच्या जमान्यात जीआय पाइप हातातून कलून तारेला लागला आणि माणसं गेली, ती काही नट सुटल्यामुळे नव्हे.

झोळीत काय न्यायचं ते लिहून घे. दहा, तेरा आणि सतराचे रिंग पाने, प्रत्येकाला मनगटाला बांधायची दोरी. स्क्रू पाना घरीच ठेव, तो नटाचे कोपरे गोल करतो. जमलं तर छोटा टॉर्क पाना कंपनीकडून मागून घे, नाही म्हणाले तर पहिल्या पगारातून घे. प्रत्येक मापाचे सुटे नट-बोल्ट-वायसर लागतात त्याच्या दुप्पट, कारण अर्धे खाली पडतात आणि कारवीत पडलेला नट सापडत नाही. पॉलिश पेपर, थिनरचा बोळा, ग्रीसची डबी, निळी बाटली, नेलपॉलिश, रबरी टेप. आणि खांबाखाली उभ्या राहणाऱ्याला आधीच सांगून ठेव, की वर बघत उभं राहायचं नाही, हेल्मेट घालून चार पावलं लांब थांबायचं.